मदत हवी आहे: धडक + घर्षण + स्प्रिंग, उत्तर जुळत नाहीये

अकरावीग्रस्त
१ किलोचा ठोकळा ६ मी/से वेगाने येऊन २ किलोच्या स्थिर ठोकळ्यावर आदळतो. त्याच्यामागे स्प्रिंग, स्थिरांक २४ न्यूटन/मीटर. घर्षणांक ०.२. स्प्रिंग जास्तीत जास्त किती दबेल? माझं १ मीटर येतंय, पुस्तकात ०.५ आहे. उद्या सकाळी टेस्ट आहे, लवकर सांगा. 'ऊर्जा अक्षय्यता नीट वाच' असं कृपया लिहू नका, वाचलीय.

सांदीपनी
६ चा वेग धडकेच्या अगदी आधीचा की लांबून निघतानाचा? घर्षण कुठून सुरू होतं? गुरुत्वत्वरण जी १० घ्यायचाय का? स्प्रिंग आधीपासून टेकलेली आहे का? आणि तुझ्या पायऱ्या टाक. नुसत्या उत्तरावरून काय सांगणार?

अकरावीग्रस्त
धडकेच्या अगदी आधीचा. सगळी जमीन खडबडीत. जी १०. स्प्रिंग दुसऱ्या ठोकळ्याला जोडलेली, ताण नाही. पायऱ्या कसल्या, सरळ तर आहे: १८ ज्यूल आले, ते स्प्रिंगमध्ये आणि घर्षणात गेले. घर्षण ६ न्यूटन. स्प्रिंग क्ष मीटर दबली तर १२क्ष² + ६क्ष = १८, म्हणून क्ष = १.

कॅरमकिंग
तुझंच बरोबर आहे रे, पुस्तक चुकलंय. मी स्थितिस्थापक धडक, म्हणजे गतिज ऊर्जा वाया न जाणारी, धरून केलं. पहिला ठोकळा २ मी/से ने उलटा फिरतो, दुसऱ्याला ४ मी/से मिळतो, म्हणजे १६ ज्यूल. त्याचं घर्षण ४ न्यूटन. १२क्ष² + ४क्ष = १६. क्ष = १! दोन वाटांनी तेच उत्तर आलं, अजून काय पाहिजे?

सीईटी_सम्राट
सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नसतं. पर्यायांत ०.५ आणि १ दोन्ही असतील तर एक ठोकून पुढे जा. एका गणितावर एवढा वेळ घालवायचा नसतो.

अकरावीग्रस्त
टेस्ट सीईटीची नाहीये. पायऱ्यांना मार्क आहेत.

सांदीपनी
कॅरमकिंग, तो निव्वळ योगायोग आहे. त्याने घर्षण ६ न्यूटन घेतलंय म्हणजे ३ किलोचं, तुम्ही २ किलोचं. दोघं वेगवेगळी गणितं सोडवताय. अकरावीग्रस्त, ठोकळे चिकटतात असं प्रश्नात लिहिलंय का?

अकरावीग्रस्त
हो, चिकटतात. ते उघडच आहे ना, म्हणून तर ३ किलो घेतले.

कॅरमकिंग
उघड कुठे? वर वाचा, एक शब्द नाही. जे लिहिलंय त्यावरून माझं उत्तर बरोबरच आहे.

गॅरेजवाला
२४ ची स्प्रिंग?? एक किलो साखर टांगली तर चाळीसेक सेंमी लोंबेल. असली स्प्रिंग कोण बनवतं? पेपर काढणाऱ्यांनी एकदा आमच्या शेडमध्ये येऊन शॉकॲब्सॉर्बर हातात घ्यावा.

सांदीपनी
चिकटत असतील तर तुझे १८ ज्यूल स्प्रिंगपर्यंत पोचतच नाहीत. गणिताचे दोन तुकडे कर. धडकेला फक्त संवेग (वस्तुमान × वेग) लाव: १ × ६ = ३ × वेग, म्हणून २ मी/से. आता गतिज ऊर्जा ६ ज्यूल. १२ ज्यूल धडकेतच गेले, काही उष्णतेत, काही ठोकळे चेपण्यात, थोडे आवाजात. पुढे तुझंच समीकरण, फक्त उजवीकडे ६: १२क्ष² + ६क्ष = ६. क्ष = ०.५ किंवा −१. ऋण सोड.

नियमनिष्ठ
पण बाह्य बल असेल तर संवेग अक्षय्य नसतो. घर्षण आहे, स्प्रिंग आहे. मग हा नियम लावताच येत नाही. शिक्षक हे कधी सांगत नाहीत.

सांदीपनी
धडक एक सहस्रांश सेकंद टिकली असं धरा. ६ न्यूटन घर्षणाने तेवढ्यात संवेग ०.००६ ने बदलेल. मूळ संवेग ६. हजारावा भाग. स्प्रिंग तर तेव्हा जेमतेम दबायला लागलेली असते.

नियमनिष्ठ
म्हणजे अंदाजेच झालं. तसं लिहायला हवं.

गॅरेजवाला
ते १२ ज्यूल कुठे गेले ते आम्ही रोज बघतो. चेपलेलं बॉनेट. पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असाच करतात, म्हणून आतला माणूस वाचतो.

जुनी_पानं
बेंजामिन रॉबिन्सने १७४२ साली हीच युक्ती छापली होती. बंदुकीची गोळी टांगलेल्या जड लंबकात घुसवायची, लंबक किती झुलला ते मोजायचं. झोक्याला ऊर्जा, गोळी घुसण्याला संवेग. ऊर्जाच सगळीकडे लावली तर गोळीचा वेग फारच कमी निघतो.

अकरावीग्रस्त
०.५ आलं!! ब भाग राहिला: ठोकळे परत मूळ जागी येतील का?

सांदीपनी
हा भाग आत्ता सांगतोयस? ०.५ मीटरवर स्प्रिंगचा जोर १२ न्यूटन, घर्षण ६, म्हणजे परत फिरणार. साठलेले ३ ज्यूल. परतीच्या अर्ध्या मीटरला घर्षण ३ ज्यूलच खाईल. नेमके मूळ जागी येऊन थांबतील, आणि तिथे स्प्रिंगला ताण नाही म्हणून तिथेच राहतील.

कॅरमकिंग
माझा ठोकळा ८ ज्यूल घेऊन पलीकडे जातो. फक्त नोंद असावी म्हणून लिहिलं.

अकरावीग्रस्त
थँक्स काका. जी ९.८ घेतलं तर ०.५०३ येतंय, मार्क कापतील का?

सांदीपनी
पेपरात जो दिलाय तो घे. आणि झोप आता.