मदत हवी आहे: आईच्या कण्याचं ऑपरेशन करावं का?

आई 63 वर्षांची. कण्याचा बाक 42 अंश, कमरेतल्या नसाही दबल्यात. ओट्याशी उभी राहिली की थोड्याच वेळात डावा पाय बधिर होतो, मग कोपरं टेकवून वाकून उभी राहते. तेवढ्यानं जरा बरं वाटतं. फिजिओथेरपी, इंजेक्शनं झाली. आता सर्जन छोट्या छेदांतून स्क्रू-रॉड घालून मणके जोडू म्हणतात. रक्तस्राव कमी, हे पटतं. पण जोडलेला भाग पुन्हा वाकत नाही, शेजारच्या मणक्यांवर ताण येतो, याचीच धास्ती वाटते. शिवाय हाडं ठिसूळ आहेत, स्क्रू धरतील का? आधी हाडांची औषधं कुणी घेतली होती का? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया सांगा: नंतर स्वतःचे मोजे घालता येतात का? बधिरपणा गेला का?