दोरीवर वाळलेले कपडे मऊ कसे ठेवता? अनुभव सांगा

आमच्या गच्चीवर रणरणतं ऊन. कपडे तीन तासांत खडखडीत वाळतात, पण टॉवेल हातात घ्यावा तर पापड. आई ऐंशीच्या पुढची, कातडी पार नाजूक झालीय. परवा तिची पाठ पुसताना लाल ओरखडा उठला, फार वाईट वाटलं. पाणी बोअरचं आहे. तुम्ही काय करता ते तपशिलात सांगा.

---

बोअरचं पाणी म्हणालात, तिथेच गोम आहे. आमच्याही बोअरच्या पाण्यात फेस येईना, म्हणून मी साबण वाढवत गेले आणि कपडे आणखीच खरखरीत झाले. जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा साका होतो. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो ना, तोच धाग्यांत बसतो. आता साबण निम्मा, आणि शेवटचं विसळणं नळाच्या पाण्यात. एका धुण्यात फरक दिसला नाही, चौथ्या-पाचव्या धुण्याला कळला.

---

शेवटच्या बादलीत अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. वाळल्यावर वास राहत नाही. मात्र ब्लीचबरोबर चुकूनही नको, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

---

लेकीच्या वेळी मी लंगोटांना कंडिशनर वापरलं. मऊसूत झाले, पण ओल शोषेनात, सगळी दुपट्यावर उतरायची. टॉवेलचंही तेच होतं, म्हणून ते बंद केलं. मग सासूबाईंनी झटकायला शिकवलं. पिळून झालं की दोन टोकं घट्ट धरायची आणि फाट्‌कन आवाज येईल असं चार-पाचदा झटकायचं. दोरीवरून काढताना पुन्हा एकदा, आणि घडी घालण्याआधी दोन्ही तळव्यांत चोळायचं. इतकी वर्षं मी नुसतं पिळून टाकत होते!

---

सोलापूरहून लिहितोय. टॉवेलचे लूप उभे असतील तरच तो मऊ लागतो. वारा नसला की ते ओले असताना जसे आडवे पडतात तसेच वाळतात. जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की वाळलेल्या सुती धाग्यांवरही थोडं पाणी उरतं आणि तेच त्यांना डिंकासारखं एकमेकांना धरून ठेवतं. झटकून, चोळून ही पकड सुटते. ऊन कमी असलं तरी चालेल, वारा हवाच.

---

हे अगदी पटलं. पावसाळ्यात आमच्या पडवीत पंख्याखाली वाळलेला पंचा मे महिन्यातल्यापेक्षा मऊ असतो.

---

तीन आठवडे झाले. साबण निम्मा केला, टॉवेल झटकून जिन्याजवळच्या वाऱ्यात टाकते, वाळला की लगेच काढते. व्हिनेगर दोनदाच वापरलं. टॉवेल पुष्कळ मऊ झालाय. आईसाठी जुना पंचाही काढला, तो तिला जास्त आवडला. टॉवेलच्या काठाची शिवण मात्र अजून टोचते, ती आत दुमडून पुसते.