बाथरूमचा एक्झॉस्ट चालू असूनही स्लॅबवर थेंब – टायमर लावू की सेन्सर?

शाहूपुरी_वरचा_मजला (सातारा)
बाथरूम ५ × ७ फूट, उंची ९ फूट, वर थेट गच्ची. व्हेंटिलेटरमध्ये ६ इंची एक्झॉस्ट, त्याच्या खाली काचेच्या तिरक्या पट्ट्या. फॅन आणि बल्ब एकाच बटणावर. थंडीत तिघांच्या आंघोळी लागोपाठ झाल्या की स्लॅबवरून थेंब गळतात. कोपऱ्यात काळी बुरशी आली आहे, पुट्टीचे पोपडे निघतायत. वायरमन म्हणतो ८ इंची बसवा. बटण बंद केल्यावरही फॅन थोडा वेळ आपोआप चालावा असं काही करता येईल का? गिझर इलेक्ट्रिक, १५ लिटर. बोर्ड बाथरूमच्या बाहेर आहे.

फेज_न्यूट्रल (कराड)
८ इंचीचे पैसे घालवू नका. तुमची खोली ३१५ घनफूट, म्हणजे जेमतेम ९ घनमीटर. ६ इंची फॅन तासाला २०० घनमीटरच्या आसपास हवा ओढतो. कागदावर खोलीतली हवा तासात वीसेक वेळा बदलायला हवी. ती बदलत नाही, कारण फॅनच्या खालच्याच उघड्या पट्ट्यांमधून बाहेरची हवा आत येते आणि लगेच फॅनमधून बाहेर जाते. वाफ बसते शॉवरवरच्या कोपऱ्यात, तिकडे कोणी फिरकतच नाही.

पट्ट्यांच्या जागी अॅक्रिलिक शीट सिलिकॉनने चिकटवून बंद करा. हवा दाराखालून यायला हवी. ६ इंची भोकाचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच. ३० इंची दाराखाली पाऊण ते एक इंच फट ठेवली की हिशेब जुळतो. दार पीव्हीसीचं असेल तर खालून कापू नका, बऱ्याच दारांत लोखंडी चौकट असते, ती उघडी पडली की गंजते. त्यापेक्षा दाराच्या खालच्या भागात जाळी बसवा.

आता टायमर. "ऑफ डिले" लिहिलेला, चार टर्मिनलचा घ्या: कायम फेज, स्विचचा फेज, न्यूट्रल आणि आउट. दोन वायरचा स्वस्त टायमर नको. त्याला न्यूट्रल नसल्याने तो स्वतःची वीज फॅनमधूनच घेतो आणि इतक्या छोट्या लोडवर फॅन बंद असतानाही गुणगुणतो.

एमसीबी (त्या लाइनचा सुरक्षा स्विच) पाडा, टेस्टरने खात्री करा, मग बोर्ड उघडा. बटणाच्या आउटच्या स्क्रूखाली दोन वायर दिसल्या तर एक बल्बची, एक फॅनची. फॅनची काढून टायमरच्या आउटला द्या. बल्बची तिथेच राहू द्या आणि त्याच स्क्रूवरून एक तुकडा टायमरच्या स्विच टर्मिनलला न्या. कायम फेज बटणाच्या इनकडून, न्यूट्रल त्याच सर्किटचा. बल्ब लावला की फॅन सुरू, बल्ब बंद केला की तिथून वेळ मोजायला सुरुवात. २० मिनिटांवर ठेवा.

स्क्रूखाली एकच वायर असेल तर जोड वर बल्बच्या मागे आहे. मग फॅनसाठी पाइपातून १.५ चौरस मिमीची नवी फेज वायर ओढावी लागेल.

एक चूक हमखास होते: न्यूट्रल जवळ दिसला म्हणून गिझरचा उचलतात. गिझरला वेगळी आरसीबीओ (करंट गळतोय असं दिसलं की पडणारी एमसीबी) असेल तर फॅन लागला की ती ट्रिप होणार. नसेल तर आणखी वाईट, कारण लाइटची एमसीबी चालू राहिली तर गिझरची पाडूनही त्या न्यूट्रलवर करंट राहतो. फॅनचा फेजही गिझरच्या लाइनवरून घेऊ नका, तिथली २० अॅम्पिअरची एमसीबी १.५ ची वायर वाचवणार नाही. फॅनची बॉडी पत्र्याची असेल तर अर्थिंग जोडाच. आणि सीलिंग फॅनचा रेग्युलेटर याला लावायचा नाही, मोटर घरघरते आणि तापते.

पावसाळी_पाहुणा (वाई)
वायरिंगचं वर आलंच आहे. सेन्सर म्हणजे हवेतली आर्द्रता मोजून फॅन चालू-बंद करणारा. त्याबद्दल एवढंच की तो साधारण ६५-७० टक्क्यांवर लावतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचीच हवा ८०-८५ टक्क्यांच्या पुढे असते. फॅन कितीही फिरला तरी आकडा खाली येणार नाही, म्हणजे तो दिवस-रात्र चालू. दिवाळी ते होळी सेन्सर छान काम करतो, पावसाळ्यात डोकेदुखी. टायमरच बरा.

पावसाळ्यात फॅन निरुपयोगी मात्र नसतो. ३० अंशांच्या वाफाळ हवेत घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं, बाहेरच्या २३ अंशांच्या ओल्या हवेत १८-१९. आंघोळीची वाफ निघून जाते, फक्त टॉवेल त्याने वाळणार नाही.

बादलीने आंघोळ करत असाल तर आधी गार पाणी सोडा, मग गरम. उलट केलं की पहिली वाफ तिथेच निघते.

कृष्णाकाठ (सांगली)
रंगाला हात लावण्याआधी ही वाफच आहे ना, ते पाहा. आमच्या नदीकाठच्या घरांत जमिनीतून चढणारी ओल खालच्या दोन-तीन फुटांत दिसते. तुमची वर आहे, पण वर गच्ची असल्याने झिरपाही असू शकतो. पोपडे खरवडून कोरड्या जागी एक फूट चौकोनी अॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, एक-दोन दिवस ठेवा. थेंब फॉइलवर खोलीच्या बाजूने आले तर वाफ. फॉइलच्या मागे ओल आली तर वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा, फॅन काही करणार नाही.

शाहूपुरी_वरचा_मजला
धन्यवाद. बोर्ड उघडला, स्क्रूखाली दोन वायर आहेत. शेजाऱ्यांकडे असंच करायचंय, पण त्यांचा गॅस गिझर बाथरूममध्येच आहे.

फेज_न्यूट्रल
तिथे थांबा. बंद बाथरूममध्ये एक्झॉस्ट हवा ओढतो तेव्हा जळलेला वायू गिझरमधून आत उलटा येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ना वास ना रंग. आधी गिझर बाहेर गॅलरीत काढायचा, फॅन त्यानंतर.

तुमचं काम झालं की दार लावून, फॅन चालू करून दाराबाहेरून खालच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. इकडेतिकडे घुटमळला तर पट्ट्यांची एखादी फट अजून उघडी आहे किंवा फॅनच्या बाहेरच्या झडपा धुळीने चिकटल्या आहेत. त्या बोटाने उचलून पाहा, सहज पडायला हव्यात.