प्रेस शॉपची ‘हिरा’ शीट कोणी भरायची? कन्सल्टंटने की ऑपरेटरने?

फिटर_नाना (धागाकर्ता)
चाकणला एका व्हेंडरकडे सेफ्टीचं काम बघतो. हझार्ड आयडेंटिफिकेशन अँड रिस्क असेसमेंट, आमच्या भाषेत हिरा, दर वर्षी बाहेरचा माणूस येऊन करून जातो, म्हणजे केबिनमधे चहा बिस्किट खातो, आधीच्या कुठल्यातरी कंपनीची फाइल उघडतो आणि नाव बदलतो. यंदा नीट वाचली तर ड्रिल मशीनसमोर उपाय काय लिहिलाय, हँडग्लोव्हज! अरे फिरत्या ड्रिलमधे ग्लोव्ह अडकला तर अख्खा हात ओढला जातो, तिथे ग्लोव्हज घालायचे नसतात हे आयटीआयच्या पोरालाही माहितीय. पॉवर प्रेसला (पत्रा कापणारं-वाकवणारं मशीन) सीव्हिरिटी, म्हणजे इजा किती मोठी, 4, प्रोबॅबिलिटी, म्हणजे ती व्हायचा चान्स, 4, गुणाकार 16, लाल. पुढच्या रकान्यात "ट्रेनिंग दिले" आणि दोन्ही आकडे 2 करून हिरवा. ट्रेनिंगने चान्स कमी होईल एकवेळ, पण रॅम, म्हणजे प्रेसचा वरून आदळणारा भाग, हातावर आला तर तो मऊ पडणारे का? माझं मत, शीट मशीनपाशी उभं राहून ऑपरेटर आणि डाय सेटरला (प्रेसमधे साचा बसवणारा) सोबत घेऊनच भरायची, नायतर भरूच नका.

छोटा_व्हेंडर
नाना बोलायला सोपंय. माझ्याकडे 22 माणसं, 6 प्रेस. कस्टमरच्या ऑडिटला आयएसओ 45001 या सुरक्षेच्या मानकासाठी हिराचा कागद लागतो, तो कन्सल्टंट देतो, मी पैसे मोजतो, विषय संपला. माणसं मशीन सोडून चर्चेला उभी केली तर डिस्पॅच तुम्ही करणार का? आणि ऑपरेटरचं फार कौतुक नको. खिशातून खर्च करून लाइट कर्टन, म्हणजे हात मधे आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा, बसवला, आठ दिवसात नाइट शिफ्टने बायपास केला. जुन्या फॅक्टरी ॲक्टचं कलम 111 वाचा, कामगाराने सुरक्षेच्या साधनाशी मुद्दाम छेडछाड करायची नाही असं सरळ लिहिलं होतं. त्यावर कोणी धागा काढत नाही.

रात्रपाळी
शेठ तुमच्याकडे नाय पण मी पण नाइटवालाच. बायपास का केला ते विचारलं का कोणी? पत्रा मोठा असला की त्याचंच टोक बीम कापतं, मशीन बंद, रिसेट मारा, परत बंद, आणि टार्गेट मात्र पडदा लागायच्या आधीचंच, मग सुपरवायझरच म्हणतो कायतरी जुगाड कर. माझ्या पार्टनरचं बोट गेलं ते चालू प्रॉडक्शनला नाय, डाय सेटिंगला अडकलेला स्क्रॅप काढताना गेलं, मेन स्विच चालूच होता. नाना तुमच्या शीटमधे डाय सेटिंगची ओळ हाय का?

फिटर_नाना
नाही. प्रॉडक्शन, लोडिंग, हाउसकीपिंग आहे, सेटिंग नाही. खरं सांगतो, मलाही आत्ता वाचून लक्षात आलं.

मोजपट्टी
दोघांचंही अर्धंच पटतं. अडचण कुठे येते ते ऑपरेटरलाच कळतं, पण मशीन किती वेळात थांबतं ते नुसतं बघून कळत नाही. शेठ, तुमच्या प्रेस पिन क्लचच्या आहेत का (क्लच म्हणजे फिरत्या चाकाची ताकद रॅमला जोडणारा भाग)? असतील तर तो लाइट कर्टन बायपास न करताही शोभेचाच होता, कारण पिन क्लचचा स्ट्रोक एकदा सुटला की मधे थांबतच नाही, हात दिसला तरी रॅम खाली येणारच. तिथे फिक्स गार्ड, चिमटा किंवा सरकता फीडर हवा. आणि न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा आणि मधे थांबवता येणारा, क्लच असला तरी अंतराचा हिशोब आहे: हाताचा वेग सेकंदाला 2 मीटर धरा, प्रेस थांबायला एकूण 0.2 सेकंद लागत असतील तर पडदा डायपासून निदान 40 सेंटीमीटर लांब पाहिजे. हे मोजायला जाणकार लागतो. नाना, "कन्सल्टंट नकोच" म्हणू नका, केबिनमधला नको म्हणा.

कलमबहाद्दर
111 दाखवणाऱ्यांनी त्याच जुन्या कायद्याचं कलम 7ए पण वाचावं. काम करताना माणसाची सुरक्षितता आणि आरोग्य ही कारखानदाराची जबाबदारी, हे भोपाळनंतर 1987 साली घातलं. आता नवीन लेबर कोड आले म्हणून ती कुठे जात नाही.

छोटा_व्हेंडर
कलमांनी प्रेस चालत नाही हो साहेब.
@मोजपट्टी, सहापैकी चार पिन क्लचच्या आहेत. कर्टन विकणाऱ्याने यातलं एक अक्षर सांगितलं नाही, कन्सल्टंटनेपण नाही, आणि मी आठ दिवस पोरांना शिव्या घालत बसलो. भोसरी-चाकण साइडला न्यूमॅटिक क्लच बसवून देणारं कोणी माहिती असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. सेटिंगची ओळ रविवारी सेटरला बसवून लिहून घेतो. ऑडिटचा कागद मात्र कन्सल्टंटचाच जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

रात्रपाळी
रविवारचा ओटी देणार ना सेटरला?