अझ्टेकांचे पिसांचे कारागीर: सगळं काम एकच माणूस करायचा का?

प्रश्न
अझ्टेक समाजातल्या व्यवसायांबद्दल वाचताना शेतकरी, विणकर, हमाल, चित्रलेखक यांच्या जोडीला ‘पिसकाम करणारे’ असा एका ओळीत उल्लेख येतो आणि विषय संपतो. हे लोक नक्की काय करायचे? ढालीवरची नक्षी पिसांनी कशी भरायचे? सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच कारागीर असायचा का?

उत्तर १
एकच कारागीर? मुळीच नाही. त्यांना अमांतेका म्हणत, कारण त्यांची वस्ती त्लातेलोल्को या अझ्टेक शहराजवळच्या अमांत्लान भागात होती. सोळाव्या शतकात सहागून या स्पॅनिश धर्मगुरूने नाहुआ (म्हणजे अझ्टेकांची भाषा बोलणाऱ्या स्थानिक) जाणकारांकडून या कामाची कृती टिपून ठेवली, म्हणून आज इतके बारकावे हाती आहेत.

आधी चित्रलेखक नक्षी काढून देई. मग घायपाताच्या गुळगुळीत पानाला खळ लावून त्यावर पिंजलेल्या कापसाचा पातळ थर पसरत. तो वाळला की वरून पुन्हा खळ. सुकल्यावर हा पापुद्रा सोलून नक्षीवर ठेवायचा. आरपार दिसेल इतका तो पातळ असतो, म्हणून खालच्या रेषा त्यावर गिरवता येतात. नंतर तो सालीच्या जाड कागदावर चिकटवून फळीवर तांब्याच्या सुरीने कापायचा, की साचा तयार.

खरी मेख पुढे आहे. मौल्यवान पिसं थेट कागदावर बसत नाहीत. आधी साध्या, रंगवलेल्या पिसांचा तळथर द्यायचा, आणि त्याचा रंग वरच्या पिसाशी जुळता हवा. वरचं पीस पातळ असतं, खालचा रंग त्यातून डोकावतो. तळ चुकला की वरचं महागडं पीसही मळकट दिसतं. पिसं बसवायला हाडाची पट्टी वापरत.

उत्तर २
वरचं वर्णन चिकटवलेल्या कामाचं आहे. शिरपेच आणि योद्ध्यांच्या पाठीवरची निशाणं वेगळ्या पद्धतीने होत. तिथे लांब पिसं दोऱ्याने सांगाड्याला बांधायची, कारण ती हलली पाहिजेत. चिकटवली तर त्यांचा डौलच जातो.

घरातही कामं वाटलेली असत. मुलं खळ बनवायची: ऑर्किडचे कंद कापायचे, वाळवायचे, कुटून पूड करायची आणि पाण्यात कालवायची. पिसं रंगवणं बायकांकडे. पिवळ्या रंगाला तुरटीची जोड लागे. रंगाची जाण मुलींना लहानपणापासूनच दिली जाई, आणि माझ्या मते या धंद्याचं निम्मं कसब तिथेच होतं. ‘कारागीर’ म्हटलं की फक्त पुरुष डोळ्यांसमोर येतो, ते बरोबर नाही.

कामाच्या मालकीनुसारही फरक होता: काही राजवाड्यासाठी, काही कोठारासाठी, तर काही स्वतःच्या घरी विक्रीसाठी काम करत.

प्रश्नकर्ता
लांब हिरव्या पिसांचे क्वेट्झल पक्षी तर अझ्टेक राहत त्या मेक्सिकोच्या खोऱ्यात नव्हते. मग माल कुठून यायचा?

उत्तर ३
दोन वाटांनी. एक खंडणी: शोकोनोच्कोसारख्या दूरच्या प्रांतांतून पिसं, कोको, जग्वारची कातडी येत. दुसरी पोचतेका, म्हणजे लांब पल्ल्याचे व्यापारी. अमांतेका त्यांचे शेजारी आणि त्यांच्यावर अवलंबून. ओझ्याची जनावरं नव्हती, त्यामुळे सगळं माणसाच्या पाठीवर. कपाळावरून पट्टा घेऊन एक हमाल सुमारे २३ किलो वाही. त्यामानाने पीस हा सोयीचा माल: वजन नगण्य, किंमत प्रचंड.

उत्तर २
टिकाऊपणाबद्दल एक भर. ही खळ पाण्यात विरघळते, म्हणून दमट हवेत पिसं सुटतात, आणि कसर लागली तर फक्त काड्या उरतात. म्हणूनच आज फार थोडे नमुने शिल्लक आहेत. व्हिएन्नातल्या संग्रहालयातला पिसांचा शिरपेच त्यांपैकी एक. फ्रान्समधल्या ओश इथे १५३९ सालचं ‘संत ग्रेगरीची प्रार्थना’ हे पिसांचं चित्र आहे. विषय ख्रिस्ती, पण हात अमांतेका परंपरेचेच. तळथराबद्दल वर जे लिहिलंय, ते अशा चिकटवलेल्या कामातच नीट कळतं.