मित्रांसोबत बोटीनं बेटाबेटांतून: तुमचे अनुभव लिहा

आमच्या मंगळवार पेठेतल्या मंडळींचं येत्या मे महिन्यात जायचं ठरतंय. हॉटेल नको, टूरवाल्याची बस नको. एक अख्खी बोट भाड्यानं घ्यायची, बेटाबेटांतून फिरायचं आणि झोपायचंही तिच्यावरच. रंकाळ्यात नि पंचगंगेत पोहून मोठी झालेली माणसं आम्ही, पाण्याचं भय नाही. पण समुद्रावर मुक्काम ही वेगळी गोष्ट. कोल्हापुरातून असं जाऊन आलेली बरीच मंडळी आहेत, त्यांनी मोकळेपणानं लिहावं. बघायच्या ठिकाणांची यादी आमच्याकडे आहे. बोटीवर माणसं कशी राहतात, शब्द कुणाचा चालतो, जेवणाचं काय, पैशांचं काय, हे हवंय.

शिवाजी पेठ

सेशेल्स, हिंदी महासागरातला बेटांचा देश. तालमीतले जुने दोस्त, ४० फुटी कॅटमरान म्हणजे दोन सांगाड्यांची जोडबोट, चार केबिन आणि सोबत तिथलाच कप्तान. शब्द कुणाचा, तर त्याचाच. दोरी सोड म्हटलं की सोडायची, का ते नंतर विचारायचं. गावात आमच्यातला प्रत्येक जण स्वतःच्या मनाचा राजा, पण बोटीवर हे पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मान्य केलं, म्हणून पुढचं सगळं लय भारी झालं.

सूर्य मावळल्यावर बोट हलवायची नाही, हे करारातच असतं. विषुववृत्ताजवळ साडेसहापर्यंत अंधार पडतो, म्हणून तीन-चारच्या आत मुक्कामाला पोचायचं. त्याला आणखी एक कारण आहे. ऊन डोक्यावर असलं तर प्रवाळ तपकिरी आणि वाळू फिकट निळी, असं पाण्याखालचं वेगवेगळं दिसतं. ऊन तिरपं झालं की सगळं पाणी नुसतं चकाकतं. नांगर वाळूतच टाकायचा. प्रवाळावर पडला तर जे मोडतं ते परत वाढायला कित्येक वर्षं लागतात.

प्रासलॅन बेटावर अँस लाझिओ नावाचा किनारा आहे. तिथं सहा मीटर पाण्यात कप्तानानं तीस मीटर साखळी सोडली. एवढी कशाला? तर साखळी तळाशी आडवी पडली तरच नांगर रुततो, उभी ओढ बसली की उपटून येतो. मग तो मास्क लावून खाली गेला आणि मागोमाग मीही. फाळ पूर्ण वाळूत गेलेला, वर नुसता दांडा. ते डोळ्यांनी बघितल्यावर रात्री झोप लागली. तरी आळीपाळीनं एक जण जागा राहायचाच, किनाऱ्यावरचे दोन दिवे धरून बोट सरकत नाही ना हे बघत. त्या जागण्याच्या वेळी दोघादोघांत जी बोलणी झाली, ती इतक्या वर्षांत कट्ट्यावर कधी झाली नव्हती.

आणि त्याच बेटावरचं व्हॅले द मे चुकवू नका. १९८३ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं ताडांचं रान आहे. जगातलं सगळ्यात जड बी तिथल्या झाडाला लागतं.

प्रयाग चिखली

पाण्याचं भय नाही असं वर लिहिलंय. मला होतं. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पन्नाशीच्या पलीकडे गेली, तेव्हा आम्हाला गच्चीवरून बोटीनं काढलं. आईच्या हातात म्हशीचं सोडलेलं दावं होतं, ते तिनं पलीकडे पोचेपर्यंत सोडलं नाही. त्यानंतर बोट म्हटलं की माझ्या पोटात खड्डा पडायचा.

मित्रांनी थायलंडमधल्या फुकेतहून बोट ठरवली, फांग न्गा उपसागरात. जानेवारी होता. त्या दिवसांत वारा जमिनीकडून येतो आणि आतलं पाणी शांत असतं. को फनाक बेटाच्या कड्याखाली गुहा आहे. कायाकमध्ये उताणं होऊन आत शिरायचं, की पलीकडे डोंगराच्या पोटात उघड्या आभाळाखालचं तळं लागतं, भोवती खारफुटी आणि चुनखडीचे उभे कडे. आम्ही पोचलो तेव्हा गुहेचं छत पाण्याला टेकलेलं होतं. ओहोटीनं पाणी उतरेपर्यंत थांबायचं ठरलं.

खडकाला कालवं चिकटलेली होती. पाणी उतरेल तशी त्यांची एकेक ओळ उघडी पडत होती. मी तिकडेच बघत बसलो. आमच्या घराच्या भिंतीवर पुराची रेघ अजून आहे, आणि त्या वेळी पाणी उतरेल याचा भरवसा कुणी देऊ शकत नव्हतं. इथं कप्तान घड्याळ बघून सांगत होता, अजून अर्धा तास. आणि अर्ध्या तासानं वाट मोकळी झाली. 'चल रे, काय होत नाही' असं एकही मित्र म्हणाला नाही. एक जण शेजारी बसून राहिला, बस्स. मग मी गेलो आत.

असे मित्र असतील तरच बोट ठरवा.

राजारामपुरी

भाऊ, तुमचं वाचून डोळे भरले.

आम्ही भिशीच्या मैत्रिणी, त्याच उपसागरात फिरलो. गोड्या पाण्याची टाकी मोजकी असते. भांडी आधी समुद्राच्या पाण्यात घासायची, नुसती विसळायला गोडं पाणी. आंघोळही तशीच: मागच्या पायरीवरून डुबकी, मग तांब्याभर गोडं पाणी. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घरून न्या. दोन बर्नरवर झुणका-भात उत्तम होतो आणि कप्तानही आवडीनं जेवतो. बोट लागणारीनं गोळी निघायच्या तासभर आधी घ्यावी, केबिनमध्ये जाऊन पडू नये. वर बसून क्षितिजाकडे बघावं.

पैशांचं: भाडं, कप्तानाचा रोज, डिझेल, राष्ट्रीय उद्यानांची फी आणि किराणा, सगळ्याची कॉन्ट्री आधीच जमा करून एकीच्या हाती द्या. डिपॉझिट एकाच्याच कार्डावर अडकतं, तेव्हा बोटीचं काही मोडलं तर भरपाई सगळ्यांत वाटायची हे निघण्यापूर्वी कागदावर घ्या.

कसबा बावडा

एवढ्या लांब जायच्या आधी सगळ्यांनी मालवणला एक दिवस काढा. मच्छीमाराची बोट ठरवून देवबागच्या संगमापर्यंत जा, सिंधुदुर्गाभोवती स्नॉर्केलिंग करा, प्रवाळ तिथंही आहे. कुणाला लाटा सोसतात आणि कुणाला नाही, ते घराजवळच कळतं. पावसाळ्यात मात्र बोटी बंद.

ताराबाई पार्क

मंगळवार पेठेच्या दादांना महिन्याबद्दल सांगायचंय. मे महिन्यात फुकेतकडे नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होतात, सिमिलान बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. सेशेल्सला एप्रिल शांत, मेपासून आग्नेयेचा वारा वाढत जातो. मे हलवता येत नसेल तर ऑस्ट्रेलियातली व्हिटसंडे बेटं बघा, ७४ आहेत. आम्ही मुलाकडे गेलो होतो तेव्हा त्याच्या मित्रांसोबत तिथं फिरलो. तिथं बोट भाड्यानं घ्यायला परवाना लागत नाही. निघण्याआधी शिकवतात, आणि रोज रेडिओवरून ठावठिकाणा कळवायचा असतो. तरी तुमच्यात कुणी शिडाची बोट हाताळलेली नसेल तर कप्तान घ्याच. आणि मेअखेरपर्यंत तिथं विषारी जेलीफिश असतात, पाण्यात उतरताना अंगभर सूट घाला. तो बोटीवर मिळतो का, हे बुकिंग करतानाच विचारा.