वेतनातील तफावत ही स्त्रियांची स्वतःची निवड म्हणता येईल का?

धागालेखिका

काही वर्षांपूर्वी मी एका निवड समितीवर होते. आमच्या हाती आलेले अर्ज आधीच्या फेरीत कुणीतरी चाळलेले होते आणि एका बाईंच्या अर्जाच्या कडेला पेन्सिलीने 'लहान मूल' असे दोन शब्द लिहिलेले होते. त्याच गठ्ठ्यात एका गृहस्थांचाही अर्ज होता. त्यांचे बाळ जेमतेम सहा महिन्यांचे होते, हे त्यांनी मुलाखतीत कौतुकाने सांगितले, आम्ही सर्वांनी त्यांचे अभिनंदनही केले; त्यांच्या अर्जाची कड मात्र कोरी होती.

समान मूल्याच्या कामाला समान मोबदला हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५१ च्या करारात मांडले आणि पुढे अनेक देशांनी तसे कायदेही केले. तरीही तफावत उरते, आणि मग 'आता जे उरले आहे ती स्त्रियांचीच निवड' असे सहज म्हटले जाते. माझे मत असे आहे की जिला निवड म्हणतात तिचा बराचसा भाग दुसऱ्याच कुणीतरी आधी लिहून ठेवलेला असतो. ज्यांना हे पटत नाही त्यांनी अवश्य लिहावे.

प्रतिसाद १

तो शेरा निंद्य आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु एका अर्जावरून साऱ्या व्यवस्थेला दोषी धरता येत नाही. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच विषयावरील संशोधनासाठी, आणि त्यांचेच निष्कर्ष सांगतात की श्रीमंत देशांत आज उरलेल्या तफावतीचा मोठा हिस्सा पहिल्या अपत्याच्या जन्मानंतर निर्माण होतो. म्हणजे समोर बाई आहे म्हणून मालक पगार कापतो असे नाही. रात्री-अपरात्री हाकेसरशी हजर होणाऱ्याला तो अधिक पैसे देतो. जो अधिक वेळ देतो त्याला अधिक मिळणे हा अन्याय कसा? शिवाय खाणीत, बांधकामावर, खोल समुद्रात जीव जातात ते बहुतांशी पुरुषांचे, ही विषमता अशा चर्चांत कुणी मोजत नाही. आणि बाळंतपणाच्या रजेचा सगळा खर्च मालकाच्या माथी मारला, तर तो स्त्रीला कामावर घ्यायलाच कचरेल, हेही लक्षात घ्यावे.

धागालेखिका

रजेच्या खर्चाबाबत आपण म्हणता ते मला पूर्ण मान्य आहे. तो भार समाजाने सामाजिक विम्यातून उचलला पाहिजे. धोक्याच्या कामांचा मुद्दा मात्र अर्धाच मांडला गेला. ब्रिटनमध्ये स्त्रिया खाणीत उतरतच होत्या. १८४२ च्या कायद्याने त्यांना जमिनीखालच्या कामातून बाहेर काढले, आणि १९३५ च्या आंतरराष्ट्रीय कराराने हीच बंदी अनेक देशांत पोहोचवली. हेतू संरक्षणाचा असेल, पण ज्या दारातून बाहेर काढले त्याच दाराकडे बोट दाखवून 'तुम्ही आत येत नाही' म्हणणे योग्य नव्हे.

आता हाकेसरशी हजर होण्याविषयी. गोल्डिन यांनीच अमेरिकेतील औषधविक्रेत्यांच्या व्यवसायाचा अभ्यास केला आहे. तिथे काम अशा रीतीने बसवले गेले की गिऱ्हाइकाची सगळी नोंद संगणकावर असते आणि एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो. परिणामी कमी तास काम करणाऱ्याला तासामागे कमी पैसे मिळणे जवळपास थांबले आणि स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील अंतर इतर अनेक व्यवसायांहून बरेच कमी झाले. माणसे तीच, मुलेही तितकीच लहान. बदलली ती कामाची घडी. 'अमुक एकच माणूस अहोरात्र उपलब्ध हवा' हा आग्रह कित्येक ठिकाणी कामाची गरज नसून जुनी सवय असते, आणि तो माणूस उपलब्ध राहू शकतो कारण त्याच्या घरी दुसरे कुणीतरी उपलब्ध असते.

प्रतिसाद २

मी नोकरी सोडली ती कुणाच्याही दडपणाखाली नव्हे. मला माझ्या मुलांजवळ राहायचे होते आणि त्या निर्णयाचा मला आजही आनंद आहे. आपल्या लेखनातून असे ध्वनित होते की माझ्यासारखीला स्वतःचे मनच नव्हते. हे वाचून मला वाईट वाटले.

धागालेखिका

तसे ध्वनित झाले असेल तर माझी मांडणी कमी पडली, मी क्षमा मागते. आपल्या निर्णयावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या कामाला शून्य मोजण्यावर. श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातल्या विनामोबदला सेवा-संगोपनाच्या कामापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक काम स्त्रिया करतात. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलँडमधील सुमारे ९० टक्के स्त्रियांनी कचेरीतले आणि घरातले असे दोन्ही काम एक दिवस थांबवले. घरी राहणाऱ्या स्त्रियाही त्यात होत्या, आणि त्यांच्याच सहभागामुळे त्या दिवसाला वजन आले. पुढच्याच वर्षी तिथे समान हक्कांचा कायदा झाला.

प्रतिसाद ३

बापांविषयी कुणीच लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. नॉर्वेने १९९३ मध्ये पालकत्वाच्या रजेतील चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखले. त्यांनी घेतले नाहीत तर ते वाया जात. तोवर क्वचितच कुणी बाप रजा घेई, त्यानंतर बहुसंख्य बाप घेऊ लागले. मी स्वतः रजा मागितली तेव्हा वरिष्ठांनी विचारले, 'घरी बायको नाही का?' या एका प्रश्नात तिचाही आणि माझाही अपमान होता.

प्रतिसाद १

औषधविक्रेत्यांचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे. तरीही शस्त्रक्रिया अर्ध्यावर असताना किंवा खटला उभा असताना माणूस बदलता येत नाही, आणि अशा कामांत माझा मुद्दा कायम राहतो असे मला वाटते. एक विचारायचे राहिले : त्या अर्जदार बाईंचे पुढे काय झाले?

धागालेखिका

त्यांची निवड झाली नाही. मी ते दोन शब्द खोडरबराने पुसले आणि अर्ज पुढच्या सदस्याकडे सरकवला. ते कुणी लिहिले, हे मी समितीत विचारले नाही. कागदावर पेन्सिलीचा वळ तसाच उमटलेला होता आणि तो पुढच्या सदस्यालाही दिसला असणार.